दोन पासपोर्ट, एक नागरिकत्व: बार्देशातल्या एका घराचं प्रकरण

गोव्यात, विशेषतः बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी या तालुक्यांत, घरातल्या कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असणं ही आता कुजबुजीची गोष्ट राहिलेली नाही. लग्नाच्या बोलणीत ती उघड सांगितली जाते. लपवली जाते ती दुसरी गोष्ट: पोर्तुगीज पासपोर्ट आल्यावर भारतीय पासपोर्टाचं काय केलं? बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याला अडचण दोन पासपोर्टांची वाटते, पण खरी अडचण तारखांची असते.

इथे मांडलेलं प्रकरण नमुन्याचं आहे. एकाच कुणाची ही हकीकत नाही. गोव्यात वारंवार घडणाऱ्या गोष्टी एका घरात एकत्र आणल्या आहेत. माणसांना म्हणूनच नावं दिलेली नाहीत. कायदे, कलमं, वर्षं आणि कचेऱ्या मात्र खऱ्या आहेत.

घर बार्देशातलं. वडील १९५४ सालचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले. तीन मुलं. थोरला १९८३ चा, क्रूझ जहाजावर स्वयंपाकघरात कामाला, गोव्याच्या भाषेत तार्वटी. मधली मुलगी नर्स. धाकटा म्हापशात दुकान चालवतो. घराला लागून थोडं भाट म्हणजे बागायत जमीन, गावात कोमुनिदादीचे (गावच्या सामुदायिक जमिनीच्या जुन्या संस्थेचे) हक्क, आणि सगळ्यांची नावं मतदारयादीत. थोरल्याच्या भारतीय पासपोर्टावर अमेरिकेचा खलाशी व्हिसा होता आणि त्याची अजून काही वर्षं शिल्लक होती. हा व्हिसा लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं रामायण त्यानेच घडवलं.

वडिलांचा कागद

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. भारत सरकारने २८ मार्च १९६२ ला गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जो स्वतः जन्मला किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानला जाईल, असं त्यात म्हटलं होतं. ज्याला जुनंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने एका महिन्याच्या आत तसं लेखी कळवायचं होतं. फार थोड्यांनी कळवलं. आमच्या नमुन्यातले वडील तेव्हा सात-आठ वर्षांचे होते आणि घरच्यांनी काहीच कळवलं नाही. म्हणजे भारताच्या दृष्टीने ते भारतीय झाले आणि विषय संपला.

पोर्तुगालच्या दृष्टीने तो संपलेला नव्हता. लिस्बनने गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली ती सालाझारची राजवट कोसळल्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. राजवटीच्या काळात गोव्यात जन्मलेला माणूस मुळात पोर्तुगीजच होता, असं तिथला कायदा धरून चालतो. अशा माणसाने आपला जन्म लिस्बनच्या केंद्रीय निबंधक कार्यालयात नोंदवायचा. एकदा त्याची नोंद झाली की मुलगा ‘पोर्तुगीज नागरिकाचा मुलगा’ म्हणून आपली नोंद करू शकतो. पोर्तुगालच्या बाजूने पाहिलं तर यात नवं काही मिळत नाही, जे होतं त्याची फक्त नोंद होते.

हा फरक ऐकायला बारीक आहे, पण गोव्यातल्या शेकडो घरांनी आपली सगळी भूमिका त्यावरच उभी केली आहे. ‘आम्ही परकं नागरिकत्व घेतलंच नाही, ते आमच्याकडे आधीपासून होतं,’ असा युक्तिवाद. तो निव्वळ पळवाट आहे असं मला वाटत नाही. त्यात इतिहासाचा खरा अंश आहे. पण भारतीय कायद्याने तो कधी मानलेला नाही, आणि मानेल अशी चिन्हंही नाहीत.

भारताची भूमिका किती जुनी आहे हे पाहायचं तर मोन्सेन्योर रेमेदियोस मोंतेरो यांचा खटला आहे. हे गोव्यातले धर्मगुरू. १९६२ च्या आदेशाप्रमाणे त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवत असल्याचं कळवलं, परकीय म्हणून त्यांची नोंद झाली आणि राहण्याचा तात्पुरता परवाना मिळाला. त्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली. त्यांनी ती वाढवून घेतली नाही, कारण आपल्याच गावात राहायला परवाना कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड ही शिक्षा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. युद्धात व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा कराराचा आधार घेऊनही उपयोग झाला नाही. ज्याने पोर्तुगीज राहायचं ठरवलं तो त्या दिवसापासून परका, मग त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात का असेना. मधली अवस्था भारताने तेव्हाही ठेवली नव्हती.

आता पुन्हा त्या घराकडे. वडिलांची नोंद लिस्बनमध्ये २०१५ ला झाली. वेळ गेला तो नावांपायी. जन्मनोंदीत ‘फ्रान्सिश्कु’, शाळेच्या दाखल्यात ‘फ्रान्सिस’, लग्नाच्या नोंदीत आडनावापुढे आईचं आडनाव, आणि आधारवर तिसरंच काहीतरी. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या नोंदी हस्ताक्षरात आहेत. त्यांची प्रमाणित प्रत काढा, फरक दुरुस्त करून घ्या, मग आईवडिलांच्या लग्नाची नोंद पोर्तुगालमध्ये उतरवा. हे सगळं झाल्याशिवाय मुलाची पाळी येत नाही. त्यासाठी एजंट असतात. म्हापसा-मडगावात त्यांच्या पाट्या दिसतात, आणि लिस्बनमधल्या वकिलाला मुखत्यारपत्र देऊन ते काम करवून घेतात.

थोरल्याची नोंद २०१७ मध्ये झाली, नंतर नागरिक ओळखपत्र आलं, आणि मे २०१८ मध्ये पोर्तुगीज पासपोर्ट. एजंटाने जाता जाता सल्ला दिला: “दोनूय दवर मरे, कोण विचारता?” (दोन्ही ठेव रे, कोण विचारतंय?)

मे २०१८ ला काय झालं

नागरिकत्व कायदा, १९५५ चं कलम ९ सांगतं की जो भारतीय नागरिक नोंदणीने, देशीयीकरणाने किंवा अन्य मार्गाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतो, त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, आदेश लागत नाही, कुणी शिक्का मारावा लागत नाही. ते आपोआप संपतं. वाद उद्भवला तर निर्णय केंद्र सरकार करतं, आणि तो कसा करायचा याचे नियम आहेत. त्यातला एक नियम असा की एखाद्या भारतीयाने अमुक तारखेला दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, ही गोष्टच त्याने त्या तारखेपूर्वी स्वेच्छेने ते नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा ठरते. निर्णायक म्हणजे त्याविरुद्ध दुसरा पुरावा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझहार अहमद खान खटल्यात हा नियम उचलून धरला. त्या वेळी प्रश्न पाकिस्तानी पासपोर्टांचा होता. न्यायाधीशांत एकमत नव्हतं, पण बहुमताने नियम टिकला, आणि आज गोव्यातल्या माणसाला तोच लागू होतो.

म्हणजे थोरल्याचं भारतीय नागरिकत्व फार तर मे २०१८ पर्यंत. त्यानंतर त्याच्याजवळ पासपोर्टाची दोन पुस्तकं होती, पण नागरिकत्व एकच, पोर्तुगालचं. निळं पुस्तक हातात होतं आणि त्यावरची मुदतही शिल्लक होती, तरी कायद्याने ते मेलेलं होतं. शिवाय ते त्याचं नव्हतंच. पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो.

यात एक प्रश्न उरतो आणि तो गोव्यात अजून धुमसतो आहे. फक्त लिस्बनला नोंद झाली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर? निर्णायक पुराव्याचा नियम पासपोर्टापुरता आहे, जन्मनोंदीबद्दल तो काही म्हणत नाही. त्यामुळे नुसती नोंद असलेल्यांचं प्रकरण कलम ९ च्या चौकशीत जातं. निवडणुकीच्या काळात उमेदवारांवर नेमक्या याच तक्रारी होतात. आपल्या थोरल्याला या वादाचा काही उपयोग नव्हता. त्याने पासपोर्ट घेतला होता.

मधल्या बहिणीने काय केलं ते इथेच सांगतो. तिचा पोर्तुगीज पासपोर्ट २०१७ ला आला. पुढच्या काही आठवड्यांत तिने पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात भारतीय पासपोर्ट जमा केला, सरेंडर सर्टिफिकेट घेतलं, परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणजे ओसीआयचा (नावात ‘नागरिक’ असलं तरी हे नागरिकत्व नव्हे, दर वेळी व्हिसा न काढता भारतात येण्याची मुभा) अर्ज केला आणि कार्ड हातात आल्यावरच तिकीट काढलं. थोडे महिने अडकून पडली, थोडे पैसे गेले. घरातले तिला हसले. “इतकी घाई कशाला? अजून सहा वर्षं आहेत की त्या पासपोर्टाला.”

नूतनीकरण

थोरल्याच्या जुन्या भारतीय पासपोर्टाची मुदत २०१९ मध्ये संपत होती. इथे त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. पासपोर्ट जमा करायचा, तर त्यावरचा अमेरिकी खलाशी व्हिसा हातचा जाणार. कारण संपलेल्या पासपोर्टावरचा वैध व्हिसा नव्या पासपोर्टासोबत वापरायला अमेरिका मुभा देते, पण दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे हवेत. पोर्तुगीज नागरिकांना अमेरिकेत पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही हे खरं, पण जहाजावर नोकरीला जाणाऱ्याला ती सवलत चालत नाही. म्हणजे नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि तोवर जहाजाचा करार हुकायचा. दुसरी वाट म्हणजे भारतीय पासपोर्ट नवा करून घ्यायचा आणि जुनं पुस्तक त्याला स्टेपल करायचं.

त्याने दुसरी वाट धरली. माणूस म्हणून मला ती समजते. आठ-नऊ महिन्यांच्या करारावर घर चालवणाऱ्याला एक करार हुकणं म्हणजे वर्ष हुकणं.

पण पासपोर्टाच्या अर्जावर एक घोषणा असते: मी भारताचं नागरिकत्व गमावलेलं नाही, सोडलेलं नाही, आणि अन्य कुठल्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलेलं नाही. तिच्याखाली त्याने सही केली. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा ही सही आहे. पुस्तक खणात पडून राहणं ही हलगर्जी म्हणता येते. सहीनंतर मात्र ते वस्तुस्थिती लपवून पासपोर्ट मिळवणं झालं. पासपोर्ट कायद्याचं कलम १०(३)(ब) अशा पासपोर्टाला रद्द करण्याचा अधिकार देतं. कलम १२ मधली एक तरतूद तर थेट अशा माणसासाठीच आहे, जो भारतीय नागरिक नसताना नागरिकत्वाची माहिती दडवून पासपोर्ट घेतो. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं कैद, आणि दहा ते पन्नास हजार रुपये दंड. एजंटाच्या ‘कोण विचारता’मध्ये हे नव्हतं.

त्या वर्षी तो जहाजावर गेला, भारतीय पासपोर्टावर. करार संपल्यावर बार्सिलोनात उतरला आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढला. युरोपीय संघाच्या नागरिकाला तिथे नव्वद दिवसांची मर्यादा नाही, कामाचा परवाना लागत नाही. तिथून तो इंग्लंडला, स्विंडनला गेला. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे. गोदामात काम मिळालं.

इंग्लंडचं दार अर्धं बंद होत असतानाच तो आत पोचला, हे त्याचं नशीब. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं, संक्रमणाचा काळ त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला संपला, आणि आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांनी वास्तव्याच्या योजनेत अर्ज करण्याची मुदत होती ३० जून २०२१. त्याने मुदतीत अर्ज केला, तात्पुरता दर्जा मिळाला. आज नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढून ‘लंडनला जाऊ’ म्हणणाऱ्या तरुणाला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं: तो पासपोर्ट इंग्लंडमध्ये राहायला आणि काम करायला आता पुरत नाही. एप्रिल २०२५ पासून तर नुसत्या भेटीसाठीही आधी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते. पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी, आयर्लंड ही दारं उघडी आहेत, पण मामा-मावशा स्विंडनमध्ये आणि साउथॉलमध्ये आहेत.

ब्रिटनमधला हा दर्जा कागदावर नसतो. तो संगणकात असतो आणि ज्या पासपोर्टावर अर्ज केला त्या पासपोर्टाच्या क्रमांकाला जोडलेला असतो. पासपोर्ट बदलला की खात्यात नवा क्रमांक घालावा लागतो, नाहीतर विमान कंपनीला दर्जा दिसत नाही. थोरल्याचा दर्जा अर्थातच पोर्तुगीज पासपोर्टाला जोडलेला होता.

मुंबईची खिडकी

२०२३ च्या सुरुवातीला आई आजारी पडली. भारताचा व्हिसा काढायला वेळ नाही, आणि भारतीय पासपोर्ट आहेच. लंडनला चेक-इनच्या वेळी भारतीय पासपोर्ट दाखवला, मुंबईत उतरताना तोच दाखवला. भारतीय पासपोर्ट घेऊन भारतात येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. शिक्का पडला, तो घरी पोचला.

परतीला विचारलं. भारतीय पासपोर्टावर लंडनला निघालेला माणूस, तेव्हा ब्रिटनचा व्हिसा कुठे आहे, हा अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न. भारतीय पासपोर्टाला जोडलेला काहीच दर्जा नाही. मग बॅगेतून पोर्तुगीज पासपोर्ट निघाला. त्यावर भारतात आल्याचा शिक्का नाही, व्हिसा नाही. एक पासपोर्ट सांगत होता की या माणसाला जिथे जायचं तिथे जाता येत नाही, आणि दुसरा सांगत होता की हा माणूस भारतात आलेलाच नाही.

जिथे दुहेरी नागरिकत्व चालतं त्या देशांच्या लोकांसाठी यावर साधा रिवाज आहे. ज्या देशातून निघता तिथे त्याचा पासपोर्ट दाखवा, जिथे पोचता तिथे त्याचा, आणि मधे विमान कंपनीला तो दाखवा ज्याने पुढच्या देशात प्रवेश मिळतो. अमेरिकेत तर अमेरिकी नागरिकाने अमेरिकी पासपोर्टावरच ये-जा करावी असा कायदाच आहे. ब्रिटिश-अमेरिकी, पोर्तुगीज-ब्राझिलियन लोक हे रोज करतात. इंटरनेटवरचे सल्ले वाचून गोव्यातला माणूसही तेच करतो आणि फसतो. हा रिवाज दोन नागरिकत्वं असलेल्यांचा आहे. भारतीय कायद्यात प्रौढ माणसाला दुसरं नागरिकत्व नाही, म्हणून दुसरा पासपोर्ट दाखवताच पहिला खोटा ठरतो.

(प्रौढ असं मुद्दाम म्हटलं. परदेशात जन्मलेलं मूल वंशाने भारतीय असून दुसऱ्या देशाचंही नागरिक असू शकतं, हे नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ नेच गृहीत धरलं आहे. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व जातं. म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत दोन नागरिकत्वांची कल्पना आपल्या कायद्याला पेलते. पुढे का पेलत नाही, यावर वाद घालायला जागा आहे. इमिग्रेशनची खिडकी ती जागा नव्हे.)

थोरल्याला विमानात बसू दिलं नाही. त्याची अवस्था काय होती ते पाहा. भारतात उतरला त्या दिवशी तो परकीय नागरिक होता, आणि व्हिसाशिवाय, वैध नसलेल्या पासपोर्टावर देशात आला होता. तेव्हा परकीय नागरिक कायदा, १९४६ लागू होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आप्रवास आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ आला आहे, आणि वैध पासपोर्ट वा व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज हेच घडलं तर हिशेब त्या कायद्याने होईल.

आमच्या प्रकरणात फौजदारी झाली नाही. त्याने लपवाछपवी थांबवली हे त्याचं शहाणपण. पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात दोन्ही पुस्तकं नेली, पोर्तुगीज पासपोर्टाची तारीख स्वतःहून सांगितली, आणि परकीय नागरिक नोंदणीच्या यंत्रणेकडे देशाबाहेर जाण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला. भारतीय पासपोर्ट दाखवून, ‘दुसरा नाहीच’ म्हणून निघून जायचा सल्ला देणारेही भेटले. तसं केलं असतं तर लंडनला उतरूनही प्रकरण मिटलं नसतं, कारण प्रवाशांची माहिती विमान कंपन्या आधीच दोन्ही बाजूंना पाठवतात.

गोव्यात दोन महिने गेले. इंग्लंडमधला त्याचा दर्जा अजून तात्पुरता होता, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर वास्तव्याची साखळी तुटायची. आईचं औषधपाणी, पासपोर्ट कार्यालयाच्या फेऱ्या आणि हा हिशेब, तिन्ही एकाच वेळी.

जमा की रद्द

बहिणीला २०१७ मध्ये सरेंडर सर्टिफिकेट मिळालं होतं. भावाला मिळालं नाही. मधे नोव्हेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाचं ज्ञापन आलं होतं. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ते दडवणाऱ्या, पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतल्या लोकांचे पासपोर्ट जमा करून न घेता रद्द करावेत, असा त्याचा रोख होता. थोरल्याला कारणे दाखवा नोटीस आली. त्याने उत्तर दिलं, आणि पासपोर्ट रद्द झाला.

वरवर पाहता फरक कुठे आहे? पासपोर्ट दोन्हीकडे गेलाच. फरक आहे ओसीआयमध्ये. भारतीय पासपोर्ट सोडल्याचा पुरावा म्हणून ओसीआयच्या अर्जाला सरेंडर सर्टिफिकेट लागतं. ज्याचा पासपोर्ट रद्द झाला त्याच्याकडे ते नसतं. आणि ओसीआय नसेल तर स्वतःच्या आईला भेटायला दर वेळी व्हिसा. एप्रिल २०२४ मध्ये रद्द केल्याचा आदेश पर्यायी कागद म्हणून चालेल असं ज्ञापन निघालं, तेव्हा गोव्यात मोठा सुस्कारा सोडला गेला. पण या कागदाबाबतची सरकारी भूमिका स्थिर राहिलेली नाही. अर्ज करायच्या दिवशी कोणता नियम चालू आहे हे पासपोर्ट कार्यालयात विचारून घ्यावं. शेजाऱ्याचं गेल्या वर्षी काय झालं यावर विसंबू नये.

या धोरणावर माझी तक्रार आहे. नागरिकत्व कधी संपलं याची तारीख काटेकोर असावी हे बरोबर. निर्णायक पुराव्याचा नियम कडक वाटतो, पण त्याने निदान स्पष्टता येते. मात्र अज्ञानाने पुस्तक खणात ठेवणारा आणि खोट्या घोषणेवर सही करून नवं पुस्तक घेणारा, यांना एकाच रद्दच्या शिक्क्याखाली आणणं न्यायाला धरून नाही. पहिल्याकडून दंड घ्यावा आणि जमा करून घ्यावं. पासपोर्ट उशिरा जमा करणाऱ्यांसाठी, त्यावर प्रवास केलेल्यांसाठी दंडाची व्यवस्था आहेच. थोरला दुसऱ्या गटात मोडतो आणि त्याच्या बाबतीत रद्द करणं मला चूक वाटत नाही. पण त्याच नोव्हेंबरच्या ज्ञापनाच्या भीतीने पहिल्या गटातले लोक पासपोर्ट जमा करायलाच पुढे येईनासे झाले, आणि मेलेली पुस्तकं खणांतच राहिली. सरकारला नेमकं हेच नको होतं.

हे गोव्यापुरतंच आहे असंही नाही. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत नागरिकत्वाची शपथ घेतलेल्या मराठी माणसाला तेच कलम ९ लागू आहे. तिथेही ‘ओसीआय यायला वेळ आहे, दिवाळीला एकदा जुन्या पासपोर्टावरच जाऊन येऊ’ हा मोह होतो. फरक इतकाच की त्याच्या शपथेची तारीख सगळ्यांना माहीत असते, आणि ‘आम्ही आधीपासूनच अमेरिकी होतो’ असं म्हणायला त्याला जागा नसते.

प्रवासापलीकडचं

दोन पासपोर्टांची चर्चा विमानतळावरच संपते असं लोकांना वाटतं. थोरल्याच्या बाबतीत विमानतळ हा सोपा भाग निघाला. मतदारयादीत त्याचं नाव होतं आणि परकीय नागरिकाला मत देता येत नाही. नाव काढून घ्यावं लागलं. निवासी म्हणून असलेलं बँकखातं अनिवासी खात्यात बदलायला गेला तर बँकेने आधी ओसीआय मागितलं. वडिलांनंतर भाटाचं काय, ही घरातली नवी काळजी. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. आणि थोरल्याकडे अजून ओसीआयही नाही. बहिणीच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. नाव तिने वेळेवर काढलं, खातं बदललं, कार्ड दाखवून येते-जाते.

वडिलांची गोष्ट वेगळीच आहे. लिस्बनला नोंद झालेली, पण पोर्तुगीज पासपोर्ट त्यांनी काढलेला नाही, काढायचाही नाही. भारतीय पासपोर्ट आहे, त्यावर ते कुठे जात नाहीत. दर निवडणुकीला मत देतात. त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न कुणी काढला तर तो कलम ९ च्या चौकशीत जाईल. आजवर कुणी काढलेला नाही.

थोरला आता पोर्तुगीज पासपोर्टावर ई-व्हिसा काढून गोव्यात येतो. रद्द केल्याचा आदेश, पोर्तुगीज जन्मनोंद, वडिलांचा गोव्यातला जन्मदाखला आणि जुन्या भारतीय पासपोर्टाची झेरॉक्स अशी फाईल त्याने ओसीआयसाठी जमवून ठेवली आहे. खलाशी व्हिसाचा उपयोग त्याला नंतर एकदाही झाला नाही. जहाजाची नोकरी त्याने स्विंडनला आल्यावर सोडली होती.

धाकट्याचा अर्ज लिस्बनला गेलेला आहे. त्याचा भारतीय पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो, आणि नूतनीकरणाचा फॉर्म त्याने भरलेला नाही. इंग्लंड त्याच्या यादीत नाही. पोर्तोमध्ये चुलतभाऊ आहे, तिकडे जायचं म्हणतो. पासपोर्ट हातात येईल त्याच आठवड्यात भारतीय पासपोर्ट जमा करायला पणजीला जायचं, आणि ओसीआय मिळेपर्यंत दुकान चालू ठेवायचं, असं बहिणीने त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. एजंट त्याने बदलला.